वयस्क आणि विशेष गरजा असलेला कुत्रा दत्तक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हातारा, आजारी किंवा अपंग कुत्रा घरी आणण्याचा विचार करणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच धोरण आहे. आजाराच्या नावाने घाबरून जाऊ नये आणि दयेच्या भरात वाहूनही जाऊ नये. त्या आजारामुळे सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके कोणते काम रोज करावे लागेल ते विचारावे आणि ते काम आपल्या घराला पेलेल का ते पाहावे. औषधे आणि त्यांचे प्रमाण मात्र कुत्र्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या पशुवैद्यांनीच ठरवायचे असते.

कुत्रा कोणत्या वयात म्हातारा समजावा?

सर्व कुत्र्यांना एकच आकडा लावता येत नाही, कारण मोठ्या चणीची कुत्री लवकर थकतात. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातीचा कुत्रा ६ वर्षांच्या आसपासच उतारवयात येतो, लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डएवढ्या कुत्र्याला साधारण ७ ते ८ वर्षांपासून वयस्क म्हणतात, तर लहान चणीची पुष्कळ कुत्री १० वर्षांपर्यंत चांगली तरतरीत असतात. निवारा केंद्राच्या नोंदीत लिहिलेले वय बहुतेक वेळा अंदाजाचे असते. दातांची झीज, तोंडावरचे पांढरे केस आणि डोळ्यांतील भिंग पाहून तो अंदाज बांधतात, आणि उपासमार झालेला किंवा दगड चघळण्याची सवय असलेला कुत्रा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसू शकतो. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा तो उठतो कसा, चालतो कसा आणि खातो कसा, याला अधिक महत्त्व द्यावे.

‘विशेष गरजा’ म्हणजे नेमके काय?

ज्या कुत्र्याला रोजच्या खाण्यापिण्या-फिरण्यापलीकडे काही नियमित काळजी लागते, त्याला विशेष गरजा आहेत असे म्हणतात. यात आंधळेपणा, बहिरेपणा, एखादा पाय नसणे किंवा मागचे दोन्ही पाय निकामी होणे येते, तसेच मधुमेह, अपस्मार, हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, संधिवात आणि उतारवयातील विस्मरणही येते. या यादीतील नावे सारख्याच वजनाची नाहीत. तीन पायांच्या कुत्र्याला वजन आटोक्यात ठेवण्यापलीकडे फारसे काही लागत नाही. ज्याला स्वतःहून लघवी करता येत नाही त्याच्यासाठी मात्र घरातील एका माणसाचे दिवसभराचे वेळापत्रक बदलते. दोघांवर ‘विशेष गरजा’ हीच चिठ्ठी लावलेली असते, म्हणून चिठ्ठी वाचून निर्णय घेऊ नये.

इतक्या वयाचा कुत्रा कोणी सोडला असेल, तर त्याच्या स्वभावातच काही दोष असेल का?

तसे गृहीत धरणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. मालकाचा मृत्यू, दीर्घ आजारपण, घर बदलणे, उपचारांचा खर्च न झेपणे ही कारणे पुष्कळदा असतात आणि त्यांत कुत्र्याचा काहीही दोष नसतो. उलट अशा कुत्र्याला घरात राहण्याची, पट्ट्याने चालण्याची आणि माणसांची सवय आधीपासून असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ‘चिडका’, ‘हात लावू देत नाही’ असा शेरा असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी असते. कुजलेला दात, दुखरी कंबर किंवा कानातील जंतुसंसर्ग यांवर उपचार झाल्यावर असा कुत्रा ओळखू येणार नाही इतका शांत होऊ शकतो.

घरी आणण्यापूर्वी केंद्राला काय विचारावे?

‘याला काय झाले आहे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, पण त्याच्या उत्तरातून आजाराचे नाव कळते आणि तिथेच बोलणे थांबते. त्यापुढे जाऊन, याचा कालचा दिवस कसा गेला ते सांगा, असे विचारावे. किती वाजता उठला, आपण होऊन उठला की उठवावे लागले, कोणते औषध कशातून दिले आणि ते त्याने निमूटपणे घेतले का, किती वेळा बाहेर नेले, लघवी अंथरुणात झाली का, रात्री झोपला का, एकटा ठेवला तर काय करतो, हे सर्व त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाकडून ऐकावे. कार्यालयात बसणाऱ्या व्यक्तीपेक्षा त्याचा पिंजरा झाडणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल अधिक ठाऊक असते.

शिवाय रक्त आणि लघवीच्या तपासणीचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, लसीकरणाची नोंद, नसबंदी झाली आहे की नाही याची माहिती, चालू औषधांची नावे आणि प्रमाण, हे सर्व लेखी मागून घ्यावे. शक्य असल्यास हे कागद आपल्या पशुवैद्यांना आधीच दाखवावेत. कुत्र्याला भेटायला एकदाच जाऊन भागत नाही. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जावे, कारण सांधे धरलेला कुत्रा सकाळी वेगळा दिसतो आणि दिवस कलल्यावर वेगळा.

आमच्या घराला हे जमेल की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे कायमचे दत्तक घेण्यापूर्वी काही आठवडे कुत्र्याला तात्पुरते सांभाळणे, म्हणजेच फॉस्टर करणे. बरीच केंद्रे वयस्क कुत्र्यांसाठी ही सोय आनंदाने देतात. ते शक्य नसेल तर त्याच्या औषधांचे आणि बाहेर नेण्याचे वेळापत्रक कुत्रा येण्यापूर्वीच आठवडाभर पाळून पाहावे. पहाटे ६ आणि संध्याकाळी ६ या दोन्ही वेळांना घरात कोणी ना कोणी असते का, सुट्टीच्या दिवशीही असते का, याचे उत्तर त्यातून आपोआप मिळते. काळजी घेणारी व्यक्ती एकच असेल, तर ती आजारी पडल्यास किंवा परगावी गेल्यास औषध कोण देईल, त्या माणसाचे नाव आधी ठरलेले असावे. ‘बघू तेव्हाचे तेव्हा’ हे धट्ट्याकट्ट्या कुत्र्याच्या बाबतीत चालून जाते, इन्सुलिनवर असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत चालत नाही.

घरात कोणते बदल करावे लागतात?

सर्वांत आधी जमिनीकडे पाहावे. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, तो एकदा घसरून पडला की त्या खोलीत यायलाच घाबरतो, आणि घरच्यांना वाटते की तो माणूसघाणा झाला आहे. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर मागे रबर असलेल्या चटया सलग अंथराव्यात. मध्ये अंतर ठेवले तर तो प्रत्येक चटईच्या काठाशी अडतो. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस आणि नखे कापली तरी पकड बरीच सुधारते. जिन्याच्या वर आणि खाली अडसर लावावा, सोफ्याशी किंवा गाडीशी उताराची फळी ठेवावी आणि बिछाना जाड पण फार मऊ नसलेला, म्हणजे त्यात रुतून न बसता उठता येईल असा असावा. मान वाकवताना दुखत असेल तर खाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवता येते, मात्र मोठ्या आणि खोल छातीच्या जातींच्या बाबतीत हे आधी पशुवैद्यांना विचारून करावे.

पहिल्या काही दिवसांत काय अपेक्षित असते?

कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या मंडळींमध्ये ३ दिवस, ३ आठवडे आणि ३ महिने असा एक ठोकताळा प्रचलित आहे: पहिले ३ दिवस कुत्रा बावरलेला असतो, ३ आठवड्यांत घराचे वेळापत्रक त्याच्या अंगवळणी पडू लागते आणि ३ महिन्यांत तो घरचा होतो. वयस्क कुत्र्याला याहून अधिक वेळ लागला तरी काळजीचे कारण नाही. सुरुवातीला त्याला एकच खोली द्यावी, पाहुण्यांना बोलावू नये, आंघोळ आणि केस कापणे पुढे ढकलावे आणि खाणे केंद्रात जे होते तेच चालू ठेवावे. बदलायचे असल्यास ७ ते १० दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत बदलावे. पशुवैद्यांची पहिली भेट मात्र पहिल्याच आठवड्यात व्हावी, आणि त्यानंतर दर ६ महिन्यांनी.

आंधळा कुत्रा घरात वावरतो तरी कसा?

आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच सहज वावरतो, कारण कुत्र्याचे जग मुळात नाकावर आणि कानांवर उभे असते. नव्या घरात त्याला पट्टा लावून एकाच जागेपासून सुरुवात करावी, उदाहरणार्थ पाण्याच्या भांड्यापासून. तिथून बिछान्यापर्यंत, बिछान्यापासून दारापर्यंत असे त्याला सावकाश फिरवावे आणि दर वेळी पुन्हा भांड्यापाशी आणावे. वाट चुकला तर तो त्या ठिकाणावरून पुन्हा सुरुवात करायला शिकतो. त्यानंतर सामान हलवू नये. वाटेत ठेवलेली एक खुर्ची त्याचा सारा हिशेब चुकवते. ‘थांब’, ‘पायरी’, ‘वर’, ‘खाली’ असे मोजके शब्द घरातील सर्वांनी सारखेच वापरावेत आणि हात लावण्यापूर्वी हाक मारावी.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत दिसणारी निळसर झाक म्हणजे दर वेळी मोतीबिंदू नसतो. वयानुसार भिंग घट्ट होऊनही तशी झाक येते आणि त्यात नजर फारशी कमी होत नाही. याउलट डोळा लाल, फुगलेला आणि मिटलेला असेल तर तो काचबिंदू असू शकतो. त्यात तीव्र वेदना असतात आणि तिथे एक दिवसही वाट पाहू नये.

आणि बहिरा कुत्रा?

हातांच्या खुणा तो सहज शिकतो. त्याला मोकळ्या जागेत पट्ट्याशिवाय सोडू नये, कारण मागून येणारे वाहन त्याला कळत नाही आणि आपली हाकही पोहोचत नाही. झोपेतून उठवताना अंगाला एकदम हात लावला तर तो दचकून दात लावू शकतो. त्याऐवजी बिछान्याच्या काठावर थोपटावे किंवा हात नाकाजवळ नेऊन वास घेऊ द्यावा. लहान मुलांना हे आवर्जून शिकवावे.

संधिवात असलेला कुत्रा कण्हत नाही, मग त्याला दुखते हे कसे कळावे?

दुखणे लपवण्यात कुत्रा फार पटाईत असतो. ताकास तूर लागू देत नाही. त्यामुळे ओरडण्याची वाट पाहू नये, बदलांकडे पाहावे. झोपून उठल्यावर पहिली काही पावले ताठ पडणे, जिन्याशी थबकणे, फिरताना मागे राहणे, एकाच सांध्याला सतत चाटणे, कंबरेला हात लावताच वळून पाहणे, बसताना एक पाय बाजूला टाकणे, ही सारी दुखण्याची भाषा आहे. ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ हे वाक्य या बाबतीत फार घातक आहे, कारण म्हातारपण बरे करता येत नाही, वेदना मात्र पुष्कळ कमी करता येतात.

उपचारांत वजन कमी करणे हे पहिले आणि पशुवैद्यांनी दिलेली वेदनाशामके हे दुसरे. मेलोक्सिकॅम किंवा कारप्रोफेन यांसारखी औषधे दीर्घकाळ द्यायची असतील तर आधी आणि नंतर ठरावीक काळाने यकृत व मूत्रपिंडाची रक्ततपासणी करतात, आणि ही औषधे स्टिरॉइडसोबत देत नाहीत. घरातील माणसांची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये: आयबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन यांमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉलमुळे यकृताला व रक्तपेशींना इजा पोहोचू शकते. फिरणे बंद करू नये. एकदाच लांब नेण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे फिरवावे, म्हणजे स्नायू टिकतात.

मधुमेही कुत्र्याला रोज इंजेक्शन देणे सामान्य माणसाला जमते का?

जमते, आणि बहुतेकांना एका आठवड्यात जमते. सहसा १२ तासांच्या अंतराने दोन वेळा खाणे आणि दोन वेळा इन्सुलिन असा क्रम असतो. आधी खाऊ घालावे. खाल्ल्याची खात्री झाली की मानेच्या मागे किंवा कुशीवर कातडी चिमटीत उचलावी, तिथे जो छोटा तंबू तयार होतो त्याच्या पायथ्याशी बारीक सुई सरळ आत घालावी, दट्ट्या दाबावा आणि सुई बाहेर काढल्यावर केस ओले झाले नाहीत ना हे बोटाने पाहावे. केस ओले लागले तर औषध बाहेर सांडले असे समजावे, पण अंदाजाने दुसरे इंजेक्शन देऊ नये. एक मात्रा चुकण्यापेक्षा दुप्पट मात्रा अधिक धोक्याची असते.

सिरिंजच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी. प्राण्यांसाठीचे काही इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि माणसांचे बहुधा १०० युनिटचे; एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीचपट चुकते. कुपी हलवायची की तळहातांत हळुवार फिरवायची, हेही प्रत्येक इन्सुलिनचे वेगळे असते. कुत्रा थरथरू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा एकाएकी गळून गेला तर रक्तातील साखर उतरली असण्याची शक्यता असते. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे. तो खायलाच तयार नसेल त्या दिवशी इन्सुलिन किती द्यायचे, याची सूचना आधीच लिहून घ्यावी. नसबंदी न झालेल्या मादीचा मधुमेह आटोक्यात आणणे अवघड जाते, म्हणून तिची शस्त्रक्रिया लवकर करण्याचा सल्ला देतात.

मागचे पाय निकामी झालेल्या कुत्र्याचे आयुष्य केवळ यातनांचे असते का?

नाही. वेदना नसतील तर चाकगाडी लावलेला कुत्रा धावतो, वास घेतो, भांडतो आणि हट्टही करतो. खरे काम चालण्याचे नसून लघवीचे आणि कातडीचे असते, आणि दत्तक घेणाऱ्याला त्याची स्पष्ट कल्पना हवी.

ज्याला मूत्राशय आपोआप रिकामे करता येत नाही, त्याचे ते दिवसातून तीन ते चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. कुत्र्याला उभे धरून किंवा कुशीवर निजवून पोटाच्या मागच्या भागावर, मागच्या पायांच्या जरा पुढे, दोन्ही बाजूंनी तळहात ठेवले की आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा गोल भाग हाताला लागतो. त्यावर हळूहळू वाढवत दाब द्यायचा आणि धार सुरू झाली की तो दाब तसाच ठेवायचा. जोर लावून दाबल्यास इजा होऊ शकते, म्हणून हे कौशल्य पशुवैद्यांच्या समोर, त्यांच्या हाताखालीच शिकावे. लघवीला उग्र वास येणे, ती गढूळ किंवा लालसर दिसणे ही संसर्गाची चिन्हे आहेत.

कातडीसाठी दर काही तासांनी कूस बदलणे, बिछाना कोरडा ठेवणे आणि नितंबाची हाडे, घोटे, कोपरे रोज बोटांनी चाचपून पाहणे आवश्यक असते. तिथे केस गेलेले आणि कातडी लालसर दिसली की तो व्रणाचा पहिला इशारा असतो. चाकगाडीतही कुत्र्याला दिवसभर ठेवायचे नसते. थोडा वेळ फिरवून पट्टे सोडावेत आणि काचलेल्या जागा पाहाव्यात.

फिट आल्यास काय करावे?

घड्याळ पाहावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, दिवा आणि आवाज कमी करावा आणि त्याच्या तोंडात हात घालू नये; कुत्रा जीभ गिळत नाही, पण नकळत कडकडून चावू शकतो. फिट ५ मिनिटांपेक्षा अधिक चालली किंवा २४ तासांत पुन्हा आली तर ती आणीबाणी समजावी. फिट रोखणारे फेनोबार्बिटलसारखे औषध चालू असेल तर ते ‘आता महिनाभर फिट नाही’ म्हणून एकाएकी बंद करू नये, त्यामुळेच जबर फिट येऊ शकते.

रात्रभर घरात फेऱ्या मारतो, कोपऱ्यात जाऊन थांबतो. हे विस्मरण आहे का?

असू शकते. उतारवयातील काही कुत्र्यांत मेंदूचे कार्य मंदावते. दिवस-रात्रीची उलटापालट होते, ओळखीच्या घरात वाट चुकते, शिकलेली स्वच्छता विसरली जाते, आणि कुत्रा दार उघडते त्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहतो. पण अशीच अस्वस्थता दुखण्यामुळे, लघवीच्या संसर्गामुळे किंवा नजर कमी झाल्यामुळेही येते, म्हणून आधी त्या गोष्टी तपासून घ्याव्यात. दिवसा उजेडात फिरवणे, वास शोधण्याचे सोपे खेळ, ठरलेल्या वेळा आणि रात्री मंद दिवा यांनी बराच फरक पडतो. सेलेजिलिनसारखी औषधेही उपलब्ध आहेत. घरातल्यांची झोप मोडते, ही तक्रार क्षुल्लक मानू नये आणि पशुवैद्यांना ती मोकळेपणाने सांगावी.

एकाएकी मान वाकडी झाली आणि तो उभाच राहू शकत नाही. आता सारे संपले का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही कळकळीने सांगतो की पहिल्याच दिवशी कोणताही टोकाचा निर्णय घेऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्यांत अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा अचानक बिघडते, तेव्हा मान कलते, डोळ्यांची बुबुळे इकडून तिकडे झरझर फिरतात, कुत्रा एका बाजूला कोलमडतो आणि ओकतो. पाहणाऱ्याला तो पक्षाघात वाटतो. मात्र कोणतेही विशेष कारण न सापडणारा हा प्रकार बहुधा ३ दिवसांत ओसरू लागतो आणि २ ते ३ आठवड्यांत कुत्रा पुन्हा चालू लागतो. मान किंचित कललेली राहिली तरी त्याने त्याचे काही अडत नाही. कानातील संसर्ग किंवा मेंदूचा विकार नाही ना, हे पाहण्यासाठी तपासणी मात्र तातडीने करावी. तोपर्यंत त्याला उशांच्या आधाराने ठेवावे आणि पाणी हाताने पाजावे.

आहार आणि वजनाबद्दल काय लक्षात ठेवावे?

पदरात घेतलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला लाडाने जास्त खाऊ घालणे ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज होणारी हानी आहे. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि आपल्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेली, सडपातळ राहिलेली कुत्री जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. छातीवरून हात फिरवताना फासळ्या सहज लागल्या पाहिजेत. दुसऱ्या टोकाला, केवळ वय झाले म्हणून प्रथिने कमी करण्याची गरज नसते. तसे केल्यास उरलेसुरले स्नायूही झडतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फरस कमी असलेला आहार पशुवैद्य ठरवून देतात.

पाणी कधीही तोडू नये, लघवी जास्त होते म्हणून तर मुळीच नाही. दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने एक लिटरहून अधिक पाणी पिणे, हे तपासणीचे कारण आहे. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले पदार्थ विषारी ठरतात.

या वयात भूल देणे धोक्याचे नाही का?

वय हा स्वतः आजार नाही. रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी करून, भुलेच्या काळात नीट देखरेख ठेवून वयस्क कुत्र्यांवर शस्त्रक्रिया नेहमी होतात. केवळ भीतीपोटी सडलेले दात तोंडात ठेवणे म्हणजे त्याला रोज वेदनेसह खायला लावणे होय. नसबंदी न झालेली म्हातारी मादी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली आणि खूप पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शंका घ्यावी. योनीतून स्राव दिसला नाही तरीही तो प्राणघातक असू शकतो.

हृदयविकार असलेल्या कुत्र्यावर घरी कसे लक्ष ठेवावे?

तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला श्वास किती होतात ते मोजून लिहून ठेवावे. झोपेत हा आकडा साधारणतः ३० च्या खाली असतो. तो वाढत चालला तर खोकला किंवा धाप दिसण्यापूर्वीच पशुवैद्यांना कळवावे.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

कायम चालणारी औषधे, ठरावीक तपासण्या आणि अचानक येणारी आणीबाणी असे तीन वेगळे हिशेब मांडावेत. पहिल्याचा आकडा केंद्राकडील गेल्या काही महिन्यांच्या बिलांवरून मिळतो. तिसऱ्यासाठी रक्कम बाजूला काढून ठेवावी, कारण आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च विमा सहसा देत नाही. काही केंद्रे अशा कुत्र्यांच्या उपचारांचा भार पुढेही उचलतात. ते विचारण्यात संकोच करू नये.

घरात लहान मुले किंवा दुसरा कुत्रा असेल तर?

शांत स्वभावाचा दुसरा कुत्रा आंधळ्या किंवा बहिऱ्या कुत्र्याला मोठा आधार ठरतो. अंगावर उड्या मारणारे पिल्लू मात्र दुखऱ्या कुत्र्याला नकोसे होते. सर्वांना खाणे वेगवेगळ्या जागी द्यावे आणि म्हाताऱ्याला माघार घेण्यासाठी एक जागा राखून ठेवावी, जिथे मूल किंवा दुसरे जनावर जाणार नाही.

आम्हाला नाहीच जमले, तर कुत्रा परत देणे अपराध आहे का?

अपराध नाही, मात्र उशीर करू नये. अडचण सुरू होताच केंद्राशी बोलावे. वेळापत्रक किंवा औषध बदलून मार्ग निघतो असे अनेकदा दिसते. तरीही न जमल्यास त्याला ज्या केंद्राने दिले तिथेच परत द्यावे, परस्पर तिसऱ्याच्या हाती सोपवू नये. त्याच्या सवयींची नोंद सोबत दिली तर पुढच्या घराला ती उपयोगी पडते.

त्याला निरोप देण्याची वेळ आली हे कसे ठरवावे?

हा प्रश्न दत्तक घेतानाच विचारावा, कारण मन शांत असताना ठरवलेले निकष कठीण दिवशी आधार देतात. पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेले मोजमाप पुष्कळ जण वापरतात. त्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण देतात. एकूण ३५ च्या वर असेल तर जीवन सुसह्य आहे असे धरतात. गुण घरातील दोन व्यक्तींनी वेगवेगळे द्यावेत, कारण रोज सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारी उतरण दिसत नाही. दिनदर्शिकेवर रोज चांगल्या किंवा वाईट दिवसाची खूण करणे हाही साधा आणि प्रामाणिक मार्ग आहे.

दयामरण घरी देणारे पशुवैद्य आपल्या भागात आहेत का, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, त्यानंतर देहाची व्यवस्था कशी होईल, हे सारे आधी विचारून लिहून ठेवावे. इंजेक्शनपूर्वी गुंगीचे औषध देण्याची विनंती करता येते आणि त्या वेळी आपण त्याच्याजवळ थांबू शकतो. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही जवळ येऊन वास घेऊ द्यावा, आणि उरलेली औषधे कोणालाही न देता पशुवैद्यांकडे परत करावीत.